विचारपूस केल्याशिवाय गोळी नाही

बेळगावात इतिहासाची टंचाई कधीच नव्हती. नळाला पाणी दिवसाआड येतं, इतिहास मात्र चोवीस तास वाहत असतो. ठराव, अहवाल, नकाशे, त्या नकाशांवरचे आक्षेप, आक्षेपांवरची उत्तरं. एवढा माल पडून असताना उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, बनवणाऱ्या मष्णूला दुसऱ्या ग्रहांचा इतिहास लिहायची काय गरज पडली, हे कुणाला कळलं नाही. त्याच्या बायकोला, मंगलला, तर मुळीच नाही.

"हितल्याचा निकाल लागला न्हाय अजून," ती म्हणायची, "आन् ह्ये निघालं आभाळातल्याचा लावायला."

मष्णू उचगावकडचा. गावात दोन एकर तांबडी जमीन, शहरात नोकरी, आणि दोन्हीकडच्या लोकांच्या मते दुसरीकडे जास्त लक्ष. पंपाचं, व्हॉल्व्हचं लाकडी पॅटर्न तो असं करायचा की साच्यातून निघालेल्या लोखंडाला कानस लावायला लागू नये. फाउंड्रीतले साहेब त्याला कलाकार म्हणत. कलाकार म्हटलं की पगाराचा विषय निघत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं.

या सगळ्याला सुरुवात झाली ती टिळकवाडीत. मष्णूच्या बांधाचा दावा चालवणारे आशुतोष वकील. त्यांच्या आतेभावाने परदेशातून एक खेळ पाठवला होता. टेबलावर मांडायचे बोटभर उंचीचे सैनिक, अंतराळातले, चिलखतं घातलेले. टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, एकमेकांची माणसं मारायची. त्यातल्या एका सैनिकाचा हात मोडला. वकिलांनी तो सैनिक अशिलाच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "मष्णूअण्णा, एवढा हात ओतून द्याल?"

मष्णूने सैनिक उन्हात धरून फिरवून पाहिला.

"ह्यो कुणापैकी?"

"कुणापैकी म्हणजे? सैनिक आहे. दुसऱ्या ग्रहावरचा."

"ग्रह ऱ्हाऊ दे वकीलसाहेब. गाव कुठलं?"

वकील हसले. कोर्टात हसतात तसं, समोरच्याचा मुद्दा मान्य नसताना. पण घरी जाऊन त्यांनी खेळाबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक पहिल्यांदाच पुढून उघडलं. आजवर ते मागून, नियमांपासूनच उघडत आले होते. पुढची दोनशे पानं त्या सैनिकांचं गाव, घराणं, शपथा, पराभव यांनीच भरलेली होती. त्यांच्याकडच्या निळ्या चिलखतवाल्यांच्या तुकडीने एकदा आपलंच शहर वाचवायचं सोडून पळ काढला होता, आणि म्हणून ते उजव्या खांद्यावर काळी पट्टी लावत. वकील दोन वर्षं त्या पट्टीला रंगकामातली चूक समजून वरून निळा लावत होते.

ही गोष्ट त्यांनी मष्णूला सांगितली आणि बांधाचा दावा कायमचा मागे पडला.

मष्णूने स्वतःचे सैनिक करायला घेतले. मूळ नमुना पितळेत कोरायचा, रबराच्या साच्यात कथील ओतायचं. दोन वर्षांत बासष्ट माणसं झाली आणि चार वह्या भरल्या. एक ग्रह तांबड्या मातीचा, एक काळ्या मातीचा. दोघांच्या मधे अंतराळात एक नाका, आणि तो नाका कुणाचा यावर भांडण. तिसऱ्या एका ग्रहाने आयोग नेमला. आयोगाचा अहवाल दोन्हीकडे चार पिढ्या वाचला जातोय, दोन्हीकडे तो आपल्याच बाजूचा आहे असं शाळेत शिकवतात, आणि नाक्यावर राहणाऱ्यांना तो अजून कुणी दाखवलेला नाही. हे सर्व काल्पनिक आहे. वाचकांनी त्याचा संबंध कशाशीही जोडू नये, मष्णूने तर मुळीच जोडला नव्हता. त्याने फक्त बासष्ट जणांचं गाव, कूळ आणि दिल्या-घेतल्याच्या मुली लिहिल्या. तांबड्यांचा सेनापती काळ्यांच्या तोफवाल्याचा साडू निघाला, त्याला मष्णूचा इलाज नव्हता. शेजारी राहायचं म्हटलं की सोयरिकी होतात.

दर रविवारी सकाळी वकिलांच्या गॅरेजात डाव बसायचा. वकिलांची गाडी बाहेर उन्हात तापत असे. बोरगावचा भरमा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होता, तोही एसटीने यायचा. चौथा मी, नुसता बघणारा. भरमा सुरुवातीला फक्त जिंकायला येत होता. मग मष्णूने आपला नियम आणला. त्याचं नाव विचारपूस.

नियम साधा. समोरच्या माणसावर गोळी झाडायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. गाव कुठलं, कुणापैकी, आणि तुमच्यातली कोण कुठं दिली. ज्याचा सैनिक, त्याने वहीतलं उत्तर तोंडपाठ द्यायचं. दोघांत नातं निघालं तर त्या फेरीत त्याच्यावर गोळी नाही. उत्तर आलं नाही, तर खुशाल झाडा.

म्हणजे इतिहास न वाचणाऱ्याची माणसं पटापट मरत. वकिलांचं अर्धं सैन्य पहिल्या महिन्यात असंच गेलं, आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच फाईल न चाळता पूर्ण वाचली. भरमाची गत आणखी वाईट झाली. त्याच्याकडे सत्त्या नावाचा शिंगवाला होता. लढाईच्या दृष्टीने निरुपयोगी, हातात फक्त शिंग. वहीत लिहिलं होतं की सत्त्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घर सोडलं आणि बायकोचं तोंडही त्याला धड आठवत नाही. त्या सत्त्याला वाचवायला भरमाने एका रविवारी रणगाडा घालवला.

"अरे, रणगाड्यात चार माणसं होती!" वकील ओरडले.

"असूंद्यात. त्यांची लगीनं झाल्यात, पोरं हायती," भरमा म्हणाला. "ह्येचं अजून काय झालंय काय रं?"

मग वकिलांनीच सत्त्याला उचलून मागच्या रांगेत नेऊन ठेवलं. कथलाच्या बोटभर तुकड्यासाठी मोठी माणसं एवढं करतात, हे बाहेरून बघणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. वाटू दे. बाहेरून सगळंच तसं वाटतं.

मग वकिलांनी सैनिकांचे फोटो बंगळुरूच्या एका कंपनीला पाठवले. ही कंपनी असले खेळ पेटीत घालून विकते. उत्तर आलं की शिल्पं अप्रतिम आहेत, आम्ही घेऊ, पण पार्श्वभूमी एक पान पुरे. हल्ली कुणी वाचत नाही. सोबत त्यांनी नमुन्याचं एक पानही जोडलं होतं. "अंधाराच्या युगात, जेव्हा तारे विझत होते, तेव्हा दोन महासत्ता उभ्या ठाकल्या..." ते यंत्राने लिहिलं असावं, किंवा यंत्रासारखं लिहायला शिकलेल्या माणसाने. आता यात फरक करण्यात अर्थ नाही.

मष्णूने ते दोनदा वाचलं.

"महासत्ता म्हंजे कोण? कुठली?"

"त्याला काही अर्थ नसतो अण्णा. दणदणीत वाटतं, एवढंच."

"माझ्या वह्या पेटीत पायजेत," मष्णू म्हणाला. वीस वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितलेलं आम्हाला आठवत नव्हतं. फाउंड्रीतून गेलेल्या हजार पंपांपैकी एकावरही त्याचं नाव नव्हतं, आणि त्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. "माझं नाव नको. त्येंची नावं पायजेत. न्हायतर मी माणसं देत न्हाय."

वकिलांनी बरीच पत्रं लिहिल्यावर कंपनीने एक माणूस पाठवायचं कबूल केलं. खेळ बघू, वह्यांचं मग ठरवू. त्या रविवारावर सगळं होतं.

आलेल्या माणसाचं नाव तेजस्वी. तिशीचा, पाठीला लॅपटॉप, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. आजोळ चिकोडीचं असल्यामुळे मराठी येत होतं. दुपारी तीनची परतीची गाडी होती, म्हणून आल्या आल्या बूट न काढताच तो गॅरेजात शिरला.

आधी कंपनीच्या एका पानावर डाव झाला. वकील आणि भरमा खेळले. अंधाराचं युग पस्तीस मिनिटांत आटोपलं. कोण जिंकलं हे भरमाला विचारलं तर त्याला सांगता येईना, आणि तो जिंकला होता.

"फास्ट आहे," तेजस्वी खुशीत म्हणाला. "मार्केटला हेच लागतं सर."

मग मष्णूचा डाव. काळ्या मातीच्या बाजूला तेजस्वीला बसवलं, समोर भरमा. पाहुणा वह्या वाचून आलेला नव्हता. म्हणजे नियमाने त्याची माणसं एकेक करून मेली असती, वीस मिनिटांत त्याला कळलं असतं की इतिहास नसला की काय होतं, आणि मष्णूचं काम झालं असतं. इतकं सोपं होतं. वकिलांनी मला कोपराने ढोसलंसुद्धा.

भरमाने टेप लावली, अंतर बसलं. त्याने विचारलं, "तोफवाला. गाव कुठलं?"

तेजस्वी गोंधळून मष्णूकडे बघू लागला. आणि इथे मष्णूने घात केला. घरी आलेल्या माणसाला उत्तर येत नाही म्हणून पाडायचं, हे त्याच्याच्याने बघवेना.

"वही वाचली न्हाय, व्हय?" तो म्हणाला. "मग आपलं सांगा की पाव्हणं. आपलंबी चालतंय."

वकिलांनी डोळे मिटले.

"माझं? माझं बंगळूर. आजोळ चिकोडी."

"चिकोडीत कुठं?" भरमाने टेप खाली ठेवली.

"बस्तीजवळ."

"बस्तीजवळ कुणाकडं?"

तेजस्वीने आजोबांचं आडनाव सांगितलं. भरमा खुर्ची ओढून जवळ सरकला. बस्ती जैनांची, आणि दोघंही जैन निघाले, त्यामुळे उरलीसुरली आशाही संपली. पुढचा पाऊण तास कुठल्या आक्काला कुठं दिली, आणि तिच्या नणंदेचं सदलग्याला जमता जमता का मोडलं, यात गेला. तेजस्वीने दोनदा आईला फोन लावला. तिसऱ्यांदा आईनेच लावला, कारण तिला मधलं एक नाव आठवलं होतं. सदलग्याला जमता जमता राहिलेली ती नणंद शेवटी बोरगावात, भरमाच्या चुलत्याच्या घरी नांदत असल्याचं निष्पन्न झालं.

"म्हंजे तू माझा भाचा लागतोस की रं!"

"व्हय मामा?" बंगळुरूचा तेजस्वी म्हणाला. बूट त्याने केव्हाच काढले होते.

नातं निघालं, तोफवाल्यावर गोळी नाही. भरमाने टेप दुसऱ्या सैनिकाकडे वळवली, पण आता हातात धरलेल्या प्रत्येक माणसामागे तोच भाचा बसलेला. दुपारी दोन वाजेपर्यंत दोन्ही सैन्यं जागची हलली नव्हती. मंगलने पाठवलेली भाकरी आणि वांग्याची भाजी टेबलावरच, नाक्याच्या दोन्ही बाजूंना मांडून, सगळे जेवले. अंतराळाच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत शांत लढाई असावी. रिक्षात बसताना तेजस्वीने मष्णूचे दोन्ही हात धरले.

"असा खेळ मी बघितला नाही अण्णा."

आठ दिवसांनी हेच वाक्य कंपनीच्या पत्रात आलं, फक्त निष्कर्ष वेगळा होता. हा खेळ नाही. अडीच तासांत एकही फासा पडला नाही. विचारपूस काढा, वह्या काढा, आम्ही सैनिक घेतो. पार्श्वभूमीचं एक पान हवं असेल तर शिल्पकाराने स्वतः लिहावं. नमुने ताबडतोब पाठवावेत.

"तुम्हीच केलंत हे," वकील मष्णूला म्हणाले. "जिंकलेला दावा होता. स्वतःच्या हाताने घालवलात."

"व्हय," मष्णू म्हणाला. "पर त्येला मारायचं कसं, साहेब? जेवायचा व्हता."

वकिलांनी कंपनीचं पत्र घडी करून खिशात घातलं. त्यांच्या आग्रहाने मष्णूने पितळेचे बासष्ट नमुने कापसात गुंडाळून पाठवले आणि एक पान लिहायला बसला. तीन रविवार तो आलाच नाही. मंगल सांगत होती की वहीतली दोन वाक्यं घेतो, त्यातलं एक खोडतो, मग त्या वाक्यातला माणूस एकटा पडला म्हणून परत लिहितो. पान काही केल्या दीडावर यायचं. फाउंड्रीत त्याने एका पंपाचं पॅटर्न चुकवलं, नोकरीत पहिल्यांदाच.

चौथ्या रविवारी त्याने पान आणलं. त्यात अंधार नव्हता, युग नव्हतं, नाकाही नव्हता. बारीक अक्षरात बासष्ट नावं होती आणि प्रत्येकापुढे गाव व कुणापैकी. शेवटच्या ओळीला कागद संपला होता.

"ही काय गोष्ट आहे अण्णा?" वकील म्हणाले. "मतदारयादी आहे ही."

"एका पानात एवढंच मावतंय. बाकीचं ज्येनं त्येनं इचारून घ्यावं."

कंपनीला ते मावलं नाही. त्यांनी फार सभ्य भाषेत कळवलं की नावांची यादी ग्राहकाला गोंधळात टाकेल, तेव्हा आमचंच पान वापरू, सैनिकांना आकडे देऊ. तांबडा एक ते तांबडा एकतीस. काळा एक ते काळा एकतीस. सोबत करार होता, सही तेवढी हवी होती.

मष्णूने करार वकिलांच्या टेबलावर ठेवला आणि उत्तर सांगितलं. वकिलांनी ते लिहून घेतलं, तीनदा भाषा सुधारायचा प्रयत्न केला आणि शेवटी होतं तसंच पाठवलं. "नावं काढायची असली तर माणसं परत पाठवा."

वर्षभरात त्या कंपनीचा तसाच एक खेळ बाजारात आला, दुसऱ्या कुणाच्या सैनिकांचा. अंधाराचं युग, विझणारे तारे, सगळं जागच्या जागी. चांगला खपतो म्हणतात.

मष्णूची पेटी मात्र त्या पत्रानंतर महिन्यानेच कुरियरने आली, रविवारी सकाळीच. त्याने ती गॅरेजात टेबलावर फोडली आणि कापसातून एकेकाला काढून उभं करू लागला. प्रत्येकाला ठेवताना नाव घेत होता, गाव सांगत होता, आणि तीसेक नावांनंतर भरमा त्याच्या आधीच सांगू लागला. बराच वेळ लागला. चहा गार झाला, कुणी घाई केली नाही. मग वकिलांनी बाह्या सरसावल्या, भरमाने टेप लावली, आणि पहिल्याच प्रश्नाला वकिलांचं उत्तर चुकलं.