मशीन थांबवतंय कोण?

इस्पितळाच्या धुलाईघरातल्या वायरमनला सगळे फुटपट्टी म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि हा गडी रागवायच्या ऐवजी सुखावायचा. त्यानं वायरिंग केलेल्या पेटीचं दार एकदा उघडून बघावं. आतल्या तारा कशा, घट्ट घातलेल्या वेणीसारख्या, एक केस इकडचा तिकडे नाही. घरीसुद्धा तीच तऱ्हा. मोजे वाळत घालायचे तेही जोडीजोडीनं आणि उंचीप्रमाणे. बायको वैतागून विचारायची, "लग्नाआधी माझी पण उंची मोजली होतीत का हो?" तो गंभीरपणे सांगायचा, "नाही ना, अंदाजानं केलं. तेवढीच एक चूक झाली." मग त्या दिवशी मोज्यांच्या घड्या त्यालाच घालायला लागायच्या.

तर या फुटपट्टीला एका मशीननं तीन आठवडे रडवलं.

मशीन दांडगं. एका दमात साठ किलो चादरी धुणारं आणि शेवटी गरागरा फिरवून पिळून काढणारं. अकरा वर्षं ते चालवायच्या आक्का. मशीन नुसतं घुमलं तरी आत किती चादरी आहेत ते सांगतील अशा. मोटर कधी सावकाश फिरवायची आणि कधी जोरात, हे सांभाळणारा डबा भिंतीवर असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात. जुना ड्राइव्ह गेला म्हणून दोन महिन्यांपूर्वी फुटपट्टीनं नवा बसवला आणि तेवढ्यासाठी सगळ्या तारासुद्धा नव्यानं ओढल्या. महिनाभर झकास चाललं. मग एक दिवस मशीन पिळता पिळता मध्येच बंद. बटण दाबलं की पुन्हा चालू. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी परत बंद. अहो, धडधडीत मोडलेली वस्तू परवडली. पण बघायला गेलं की साळसूद चेहरा करून बसणारा बिघाड म्हणजे शुद्ध छळ! वर वॉर्डात चादरी खोळंबायच्या, नर्सबाई फोनवर फोन करायच्या आणि धुलाईघराचे साहेब फुटपट्टीच्या नावानं शंख करायचे.

फुटपट्टीनं काही बाकी ठेवलं नाही. येणारं व्होल्टेज दिवसदिवस तपासलं. ड्राइव्हचा पंखा चादरींच्या कापसानं भरला होता, तो साफ केला. एकूण एक स्क्रू आवळला. ड्राइव्हला काही दुखलंखुपलं तर तो आपल्या छोट्या पडद्यावर एक आकडा दाखवून ठेवतो. तापलो, भार जास्त झाला, व्होल्टेज कमी पडलं, जे काही असेल ते. इथं आकडाच नाही. नोंद एकच, की थांबण्याचा हुकूम आला म्हणून थांबलो.

इथंच तर घोडं पेंड खात होतं. हुकूम येणार कुठून? मशीनच्या अंगावरच्या लाल बटणावरून. फुटपट्टीनं बटण बदललं. चार दिवसांनी मशीन पुन्हा थांबलं, नोंद तीच. आता बटणाजवळ उभं कोण असतं? आक्का. आणि आक्कांच्या उजव्या हाताला वर्षभरापासून बारीकसा कंप होता, हे सगळ्यांना दिसत होतं. साहेबांना अहवाल हवा होता. फुटपट्टीनं लिहून दिला, "यंत्रात दोष नाही. थांबण्याचे बटण चालकाकडून नकळत दाबले जात असावे." त्या 'असावे'च्या आडोशाला तो स्वतः जाऊन बसला, दुसरं काय!

साहेबांना तेवढं पुरलं. सोमवारपासून आक्का घड्या घालायच्या टेबलावर, मशीनवर दुसरं कुणीतरी. आणि नेमकं त्या आठवड्यात मशीन एकदाही थांबलं नाही.

शुक्रवारी आक्का त्याच्याकडे आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "फुटपट्टी, खरं सांग. माझाच हात लागत असेल का रे? मला तर काही कळत नाही. पण मशीन खोटं कशाला बोलेल?"

 या बाईनं अकरा वर्षांत एकदाही चुकीचं बटण दाबून चादर खराब केली नव्हती, आणि आज ती त्याच्या एका ओळीवर विश्वास ठेवून स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवून बसली होती. 

"आक्का," तो म्हणाला, "मशीन नेमकं कधी थांबतं हो?"

"ब्लँकेटं असली की हमखास. चादरींना क्वचित. या आठवड्यात ब्लँकेटं आलीच नाहीत."

तीन आठवडे या शहाण्यानं सगळ्या तारांना विचारलं होतं, आक्कांना विचारलं नव्हतं. ओली ब्लँकेटं एका बाजूला गोळा होतात आणि मशीन पिळताना गदागदा हलतं, हे आक्कांना पाठ होतं.

शनिवारी सकाळी त्यानं मशीन ब्लँकेटांनी गच्च भरलं. आक्कांना सांगितलं, "तिकडे दारात उभ्या राहा. हात पाठीमागे." स्वतःही चार पावलं लांब झाला. मशीन धुऊन मोकळं झालं, पिळायला लागलं, हादरायला लागलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. आणि खट् करून मशीन थांबलं.

"मी नाही हं!" आक्का दारातून ओरडल्या. "बघितलंस ना तू? मी इथं आहे! मी नाही हात लावला!"

"बघितलं आक्का, बघितलं!" फुटपट्टी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. बिघाड झाल्यावर इतका आनंद झालेला वायरमन जगात दुसरा नसेल.

मग त्यानं मेन बंद केला, लाल बटणाच्या दोन तारांना मीटर लावला आणि टोकापासून एकेक वीत तार हलवत निघाला. तार आतून अखंड होती तोवर मीटर सलग पिपाणी वाजवत होता. मशीनवरून तार भिंतीकडे जाते तिथं, तार आवळून बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीखाली त्याचं बोट गेलं आणि पिपाणी तुटली. सोडलं की वाजते, वाकवलं की गप्प. त्यानं पट्टी कापली, तार सोलली. वरचं आवरण धडधाकट आणि आतलं तांबं तुटलेलं.

ती पट्टी त्यानंच आवळली होती. हलणाऱ्या मशीनवरून न हलणाऱ्या भिंतीवर तार न्यायची तर मध्ये थोडी सैल सोडावी लागते, हे त्याला काय माहीत नव्हतं? पण सैल तार गबाळी दिसते. म्हणून त्यानं ती सरळ रेषेत ताणून बांधली. लाल बटण दाबलं की याच तारेतला प्रवाह तुटतो, तोच थांबण्याचा हुकूम. मशीन हादरलं की तांबं क्षणभर सुटायचं आणि बिचारा ड्राइव्ह समजायचा, बटण दाबलं. दुसऱ्या कुठल्याही वायरमनच्या हातून ही चूक झाली नसती, कारण दुसरा कुणी इतका नीटनेटका नव्हताच.

त्यानं नवी तार टाकली, मध्ये चांगला ऐसपैस झोल ठेवून. ब्लँकेटांचे तीन घाणे काढले. मशीन हललं, हादरलं, पण थांबलं नाही. फुटपट्टीच्या जिवात जीव आला.

साहेब आले. "काय निघालं?"

'तार खराब निघाली' एवढं म्हटलं असतं तर कुणी खोलात गेलं नसतं. ते शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेही.

"तार मी नको तेवढी ताणून बांधली होती साहेब, ती आतून तुटली," तो म्हणाला. "आक्कांचा हात एकदाही लागलेला नाही. माझा तो कागद फाडा. नवा लिहून देतो, चूक कुणाची तेही लिहितो."

 साहेबांनी चष्मा पुसला. "आक्का, सोमवारी तुम्ही मशीनवरच. आणि, हे... माझंही चुकलं."

"ते राहू द्या साहेब," आक्का म्हणाल्या. "मला आज तासभर लवकर सोडा."

"का हो? बरं वाटत नाही?"

"घरी नात आहे, सात महिन्यांची. आठवडाभर मी तिला उचललेलं नाही. हात माझ्या नकळत बटण दाबतो म्हटल्यावर, पोर हातातून सुटली तर? सून म्हणते, आजीला लळाच नाही. काय सांगणार तिला?"

 फुटपट्टीला वर बघवेना. आठवडाभर! आणि त्यानं एक ओळ लिहिली होती फक्त.

"जा आक्का," तो कसाबसा म्हणाला. "ब्लँकेटं मी काढतो."

आक्का निघाल्यासुद्धा. ब्लँकेटं काढताना फुटपट्टीनं खिडकीतून बघितलं, तर रस्त्यानं त्या जवळजवळ पळत होत्या, आणि कामावरचा एप्रन काढायचा राहूनच गेला होता.