म्हातारीची नोंद

इस्पितळाच्या धुलाईखान्यात ताईची चोवीस वर्षं गेली होती. आठही मशीनची नाडी तिला ठाऊक, पण ती कळेपर्यंत नाकी नऊ आले होते. जुना मुकादम महाखडूस. काही विचारलं की म्हणायचा, "हात पोळले की कळेल." एक दिवस तो वारला आणि निम्मी विद्या बरोबर घेऊन गेला. मेल्याने जाताना तरी तोंड उघडायचं!

म्हणून मोबाइलवर सगळ्यांनी मिळून लिहायचा 'फळा' नावाचं ॲप आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त हरखली ती ताईच. जिला जे कळलं ते तिने मोबाइलवर बोलायचं, ॲप लिहून घेणार, बाकीच्यांनी त्यात भर घालायची. बायकांनी आधी नाकं मुरडली. ताईने एकेकीच्या मागे लागून त्यांना बोलतं केलं. रक्ताचा डाग कशाने जातो, पट्टा कधी घसरतो, सगळं फळ्यावर आलं. तिची स्वतःची पहिली नोंद चार नंबरच्या मशीनची होती. त्या मशीनला सगळ्या 'म्हातारी'च म्हणत.

ॲपची एक रीत होती. जास्त उघडली जाणारी नोंद वर चढायची, न उघडलेली खाली जायची. आता म्हातारीची खोड तर सगळ्यांना तोंडपाठ. मग ती नोंद उघडणार कोण? बिचारी खाली खाली जात राहिली.

पुढे ताईची धाकटी बहीण तिथेच कामाला लागली. नवरा गेल्यावर नुसत्या शिवणकामावर तिचं घर भागेना, म्हणून ताईनेच साहेबांच्या मागे लागून तिला चिकटवली.

"ताई, मशीनचं जरा समजावून सांग ना," पहिल्याच दिवशी ती ताईच्या शेजारी उभी राहून म्हणाली.

"फळ्यावर सगळं आहे, वाच की. मी काय त्या मुकादमासारखी लपवून ठेवलंय?" ताईच्या बोलण्यात तोरा होता, खोटं कशाला बोला.

बहिणीने इमानेइतबारे वरच्या चाळीस नोंदी वाचल्या. तिसऱ्या दिवशी तिला म्हातारीवर लावलं. हिरवा दिवा लागला, तिने दार ओढलं. आठ मशीनच्या घरघरीतूनही तिची किंकाळी ताईला ऐकू आली.

दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. डॉक्टर म्हणाले, बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत. म्हणजे सुई-दोराही गेला.

साहेबांनी चौकशी केली. नोंद सापडली, एकशे तेराव्या क्रमांकावर. अकरा महिन्यांत कोणी उघडली नव्हती. 'माहिती उपलब्ध होती' असं लिहून साहेब मोकळे झाले. त्या दिवशी मात्र धुलाईखान्यातल्या झाडून सगळ्यांनी ती नोंद उघडून पाहिली.

संध्याकाळी ताई वॉर्डात बहिणीच्या उशाशी बसली होती. मोबाइल वाजला. 'अभिनंदन! तुमची नोंद पहिल्या क्रमांकावर आली आहे.' ताईने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"काय आलंय गं?" बहिणीने विचारलं.

"काही नाही. ती नोंद."

"मग वाच ना. मला कुठे धरता येतोय मोबाइल?"

ताईने वाचलं, "हिरवा दिवा लागला तरी दार उघडू नका. खालच्या नळीतली गुडगुड थांबू द्या. आत उकळतं पाणी असतं."

बहिणीने बँडेजमधल्या हातांकडे पाहिलं.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "ताई, मी तुझ्या शेजारीच उभी होते गं."