काळ्या कागदाखालचं बी

एक्सरेकाकांना संशय यायला कारण लागत नसे. आधी संशय येई, कारण मागाहून सापडे.

यात त्यांचा दोष निम्माच. उरलेला निम्मा नोकरीचा. दवाखान्याच्या तळमजल्यावर, काळा पडदा लावलेल्या अंधाऱ्या खोलीत, एक्सरेच्या फिल्मा धुण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. दाराच्या फटीतून सुईएवढा उजेड आत आला तरी कुणाच्या तरी छातीची फिल्म काळवंडायची आणि धापा टाकणाऱ्या माणसाला पुन्हा यंत्रापुढे उभं करावं लागायचं. म्हणून काका रोज कामाला लागण्याआधी दार लावून, तांबडा दिवा मालवून नुसते उभे राहत. डोळे अंधाराला सरावले की उजेडाची तार कुठे ना कुठे दिसायचीच. तिथे काळी पट्टी चिकटवायची, मग फिल्मला हात लावायचा. "उजेडासारखा चोर नाही," असं ते येईल त्याला सांगत.

पुढे दवाखान्यात कॉम्प्युटरचं यंत्र आलं, अंधारी खोली झाडू-बादल्या ठेवायला गेली आणि काका निवृत्त होऊन घरी आले. संशय तेवढा नोकरीवरच राहिला. घरातल्या घरात त्याला काम पुरवणं काकूंच्या वाट्याला आलं.

"फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, एवढंच तपासायचं राहिलंय यांचं," असं काकू शेजारणीला म्हणत.

तर अशा माणसाला त्याच्या थोरल्या बहिणीने एक डबी दिली.

ताई आईच्या घरात राहायची. त्या घराच्या अंगणात आईने लावलेल्या पिवळ्या फुलांचा ताटवा होता. पाकळ्या हळदीसारख्या आणि मधोमध काळाभोर, फुगीर डोळा. दुकानात या बियांच्या पाकिटावर 'ब्लॅक-आइड सुझन' असं लिहिलेलं असतं. आई तिला काळडोळी म्हणायची. आता ते घर पाडायला दिलं होतं, ताटव्यावर विटांचा ढीग पडला होता आणि ताई मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली होती. विटा पडण्याआधी तिने वाळलेले डोळे चुरगाळून बी काढलं, क्रीमच्या रिकाम्या डबीत भरलं आणि भावाच्या हातात ठेवलं.

"सगळं आहे हं. मी काही ठेवलं नाही."

"का नाही ठेवलंस?"

"बाल्कनीत मुलाची सायकल आणि वॉशिंग मशीन. मी काय डोक्यावर पेरू? तुझ्याकडे अंगण आहे."

इथेच काकांच्या मनात पहिली फट पडली. सगळं कोण देतं? माणूस थोडं देतो, थोडं राखतो. आणि ही तर ताई. लहानपणी हिने चॉकलेटच्या कागदात खडा बांधून आपल्याला दिला होता, आणि आपण तो चावला होता. मागच्या बाजूची ती दाढ अजून थंड पाण्याने ठणकायची.

तरी आईचं फूल होतं. काकांनी जीव लावून पेरलं. बी पेन्सिलच्या तुटलेल्या टोकासारखं, काळं आणि इतकं बारीक की श्वासाने उडावं. त्यांनी पसरट ट्रेमध्ये चाळलेली माती भरली, बोटाच्या पेरभर खोल रेघा ओढल्या, चिमटीने बी सोडून वर माती दाबली. अशी नाजूक चीज उघडी कशी ठेवायची? फिल्मांच्या खोक्यात येणारे जाड काळे कागद त्यांनी नोकरीपासून जपून ठेवले होते. त्यातला एक त्यांनी ट्रेवर घातला, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि ट्रे जिन्याखालच्या कपाटात ठेवला. कपाटाचं दार लावून आत पाच मिनिटं उभे राहिले. एक फट सापडली, ती बुजवली.

"अहो, बी आहे ते," काकू म्हणाल्या, "कैदी नव्हे."

रोज एक कोपरा उचलून ते तळहाताआडून पाणी शिंपडत. काही उगवलं नाही.

आधी मुंग्यांवर संशय गेला. कपाटाभोवती खडूची रेघ आली. मग उंदरावर. मग काकूंवर. काकांनी कागदाच्या कडेवर स्वतःचा एक पांढरा केस ठेवला. दुसऱ्या दिवशी केस नव्हता.

"कागद उचलला होतास?"

"उचलला की. बघितलं, काही नव्हतं, परत ठेवला."

"तरीच. उजेड गेला आत."

"अस्सं. म्हणजे मी बघितलं म्हणून लाजलं आणि मेलं."

पण काकूंच्या बघण्याआधीपासून ट्रे ओसाडच होता, हे काकांनाही नाकारता येईना. आता एकच फट उरली. बी मुळातच मेलेलं होतं. आणि ते ताईच्या हातून आलं होतं. आईची काळडोळी आपल्या अंगणात फुलू नये, म्हणून हिने ते तव्यावर परतून तर दिलं नसेल? डबीच्या तळाला चिकटलेले शेवटचे दाणे काकांनी पुराव्यासाठी तव्यावर टाकले. भाजलेलं आणि ट्रेतून उकरलेलं न भाजलेलं भिंग लावून बघितलं. दोन्ही काळं. आधीच काळं बी भाजून आणखी किती काळं होणार? पुरावा मिळाला नाही, पण संशय मात्र खरपूस झाला.

रागारागाने त्यांनी ट्रे उचलला, अंगणातल्या नळाजवळ उपडा केला आणि चपला घालून ताईकडे गेले.

ताईच्या फ्लॅटमध्ये अजून खोकी उघडायची होती. एका खोक्यावर ती बसली होती, दुसऱ्यावर काका बसले.

"बी उगवलं नाही," काका म्हणाले.

"अरेरे. एकही नाही?"

"मेलेलं बी कसं उगवेल? पेरायचं कसं तेही तू सांगितलं नाहीस."

"मला कुठे माहीत आहे? मी जन्मात पेरलेलं नाही ते. फुलं वाळायची, बी आपलं आपण पडायचं, आपलं आपण यायचं. आईसुद्धा फक्त पाणी घालायची."

"वा. आपलं आपण. आणि माझ्याकडेच बरं येत नाही." काका खोक्यावरून पुढे सरकले. "खरं सांग ताई. भाजून दिलंस?"



"चहा टाकते," ती म्हणाली. "का त्यातही मी काही घातलं असेल?"

"विषय बदलू नकोस. खडा कुणी दिला होता?"

"मी आठ वर्षांची होते रे. त्या खड्यावर तू साठी काढलीस." तिने हात पुढे केला. "दे ती डबी परत. तुझ्याच्याने व्हायचं नाही. मी डब्याडुब्यात लावून बघते."

"संपलं."

"सगळं?"

"पेरलं. उरलेलं तव्यावर टाकलं. तपासायला."

ताईचा हात तसाच पुढे राहिला. मग तिने तो मांडीवर ठेवला. चहाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

घरी येताना काका हिशेब जुळवत होते. नाटक असतं तर ती रडली असती, चार गोष्टी सुनावल्या असत्या. ती नुसती गप्प बसली. खरी फिल्म अशीच असते. हाड मोडलेलं असेल तर तिथे नुसती रेघ दिसते, आरडाओरडा नसतो. मग आपल्याकडून काय मोडलं, हा प्रश्न त्यांना रस्ताभर चावत राहिला. त्यांनी तो घरापर्यंत आणला आणि कुणाला सांगितला नाही.

पुढचे कित्येक दिवस ते ताईकडे गेले नाहीत. ताईचाही फोन आला नाही. काकू नळाखाली भांडी घासायच्या, पाणी ओघळून ट्रेच्या मातीच्या ढिगाऱ्यावर जायचं.

एका सकाळी हात धुताना काकांना त्या ढिगाऱ्यावर हिरवे ठिपके दिसले. अर्थात संशय आला.

"तू काही पेरलंस इथे?"

"हो, तुमच्या डोळ्यांदेखत चोरून," काकू म्हणाल्या. "गवत असेल."

काकांनी भिंग आणलं आणि गुडघ्यावर बसले. दोन-दोन पानांचे अंकुर, आणि जे थोराड होते त्यांच्या मधल्या पानांवर बारीक पांढरी लव. आईच्या ताटव्यातली पानं हाताला अशीच खरखरीत लागायची. त्यांनी एक ढेकूळ उलटलं. ढेकळाच्या वरच्या अंगाला अंकुर होते, खालच्या अंगाला बी जसंच्या तसं पडून होतं, काळं, धडधाकट, वाट बघत असल्यासारखं. बादलीच्या सावलीतल्या मातीतही काही नव्हतं. जिथे ऊन पोचत होतं तिथेच उगवलं होतं.

काकांना ताईचे शब्द आठवले. फुलं वाळायची, बी आपलं आपण पडायचं. पडायचं म्हणजे वरच पडायचं, उघड्यावर. त्याला मातीत पुरायला, वर काळा कागद घालायला आईच्या अंगणात कुणी नव्हतं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"उजेड हवा होता त्याला."

काकू हसल्या नाहीत. फार मोह झाला होता, हे त्यांनी पुढे शेजारणीला सांगितलं.

रोपं चार-चार पानांची झाल्यावर काकांनी त्यांतली निवडून एका पसरट कुंडीत लावली आणि तीन मजले चढले. ताईने दार उघडलं, कुंडी बघितली, बाजूला मात्र झाली नाही.

"हे काय?"

"काळडोळी. आईची. बी चांगलं होतं. मी अंधारात कोंडलं होतं." कुंडी पुढे करत ते म्हणाले, "तू भाजलं नव्हतंस."

"मला माहीत आहे मी भाजलं नव्हतं." ताईने वाकून पानाला बोट लावलं. "पण ही तीच कशावरून? नर्सरीतून आणली असशील. माझं तोंड बंद करायला."

"मी? नर्सरीतून?"

"का? यात खडा नाही कशावरून?"

समोरच्या माणसाला पुरावा कसा द्यायचा, हे त्यांना कधी शिकावं लागलंच नव्हतं.

"फुलल्यावर कळेल," ते अखेर म्हणाले. "आईच्या फुलाला पाकळीच्या मुळाशी तपकिरी छटा असते."

"कधी फुलेल?"

"या वर्षी फुलेल, नाहीतर पुढच्या."

"मग तोवर काय, तुझ्या शब्दावर विश्वास ठेवू?"

"नको ठेवू."

ताईने कुंडी त्यांच्या हातातून घेतली. बाल्कनीत सायकल भिंतीला टेकवून तिने जागा केली, कुंडी कठड्यापाशी उन्हात ठेवली आणि रोपं मोजली.

"सहा आहेत. दर रविवारी येऊन बघून जायचं. मधेच मरतुकडं काढून नवं लावलंस तर मला कळेल."

"आणि तू बदललंस तर?"

"म्हणून तर ये म्हणतेय," ताई म्हणाली. "चहा टाकते. घोट घेण्याआधी हुंगून बघ हवं तर."

काकांनी हुंगून बघितला. मग बाल्कनीकडे तोंड करून, कुंडीवरची नजर न काढता, सगळा प्यायले.