करवंदाचा फुरका

मुक्ताचा, माझ्या भाचीचा फोन आला तेव्हा मी राजापुरात माझ्या घरी भाजी निवडत बसले होते. "आत्या, बाबा गेले… सकाळी खुर्चीतच. नुकतीच कॉफी पिऊन झाली होती." अशा वेळी माणसाने काय विचारावं? मी विचारलं, "कुठली?" ती रडता रडता हसली. "करवंदाची गं." म्हटलं, मग जिंकून गेला माझा भाऊ! आता काही आठवडे उलटलेत, पण माझं मत तेच आहे.

भाट्ये गावाच्या पुढे आमची माहेरची हापूसची कलमं. दादाची सगळी हुशारी नाकात. आंबे गवतात पिकत घालतात त्या अढीच्या खोलीच्या नुसत्या दारात उभा राहून तो सांगायचा, हे आज काढा, ते परवा. बोटाने दाबून बघणाऱ्याला तो आंब्यातला माणूस मानतच नसे. आणि असा हा नाजूक नाकाचा गृहस्थ चहा बशीत ओतून असा फुरका मारायचा, की अंगणातला कुत्रा दचकून उठायचा. आधी आई ओरडायची, मग तिच्या जागी मी. "दादा, माणसांत आहेस ना!" मुक्ताला बघायला आलेल्या मंडळींसमोरसुद्धा त्याने तो आवाज काढला. स्थळ गेलं ते बरंच झालं म्हणा.

मग एका थंडीत तापातून उठला, तो वास गमावूनच. आंबे सुरू झाले, अढी लागली, तेव्हा हा दारात उभा राहिला आणि तसाच मागे फिरला. "गवताचा वाससुद्धा येत नाही गो, सुमे." डॉक्टर म्हणाले, येईल, कधी ते सांगता येत नाही; रोज वास घेत राहा. दादाचा धीरच सुटला. या मोसमात नाक आलं नाही, तर बाग व्यापाऱ्याला कराराने देऊन टाकणार, म्हणाला. कलमांवाचून दादा… मला तर कल्पनाच करवेना.

मुक्ता बेंगळुरात कॉफी भाजणाऱ्यांकडे चव तपासायचं काम करते. ती रजा काढून कॉफीचे पुडे घेऊन आली; मीही दादाच्या आजारपणापासून तिथेच मुक्कामाला होते. आमचं घर पक्कं चहाचं. दूध नाही, साखर नाही, तो काळा काढा बघून मी नाक मुरडलं. पुड्यांवर लिहिलेलं, संत्रं, जाई, ब्लूबेरी! दादाने विचारलं, "यात संत्रं घातलंय?"

"काही घातलेलं नाही, बाबा. बीची जात, माती, भाजणं, त्यातून येतं ते. आंबट, कडू, गोड एवढंच जीभ सांगते. कोकम की चिंच, ते नाक सांगतं." आणि पुढे म्हणाली, "चमच्यात घ्या नि जोरात फुरका मारा. हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो."

दादाने माझ्याकडे काय पाहिलं म्हणता! "ऐकलंस गो? बेंगळुरात ह्याचा पगार देतात!"

मग रोज सकाळी ओटीवर फुरके. रोज उत्तर एकच, "आंबट." नाहीतर "कडू." जीभ जागी, नाक झोपलेलं. रजा संपत आली तेव्हा मुक्ताने तीन कप मांडले, दोन एकसारखे, एक वेगळा; वेगळा कोणता, ते ओळखायचं. दादाने पहिला घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला म्हणाला, "आंबट." मुक्ताचा चेहरा पडला. दादाने पुन्हा चमचा भरला, पुन्हा फुरका… आणि मान वर केली.

"थांबा. नुसतं आंबट नाही. करवंद! पिकलेलं, उन्हातलं करवंद."

मुक्ताने पुडा पुढे केला. ब्लूबेरी. "ती कोणी पाहिल्येय? करवंद आहे हे," म्हणत दादा उठला आणि तडक अढीच्या खोलीकडे. आम्ही दोघी मागे धावलो. दारात उभा राहून त्याने दीर्घ श्वास घेतला, आणि गड्यांवर कडाडला, "गाढवांनो, उजवीकडची कालच काढायला हवी होती!" शिव्या ऐकून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. मी चक्क रडले.

बाग कोणाला दिली नाही. शेवटपर्यंत अढी त्याच्याच नाकावर चालली. आणि कॉफीबद्दल तर विचारूच नका! ही गुळाची, ही भाजक्या काजूची, जास्त भाजली असेल तर "चुलीतली". मुक्ताच्या लोकांनी त्या पुड्यावरची ब्लूबेरी खोडून करवंद छापलं. तो रिकामा पुडा दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. मी ओरडले, की ऐटीत म्हणायचा, "आवाज नाही गो, अभ्यास चाललाय."

परवा दादाच्या घरी गेले होते. मुक्ता आत आवराआवर करत होती. मी कॉफी केली, काळीच, आणि ओटीवर दादाच्या खुर्चीत बसले. त्याची बशी समोर होती. इकडेतिकडे पाहिलं. बशीत ओतली, ओठ लावले, आणि जन्मात पहिल्यांदा सगळा जोर लावून फुरका मारला. आधी नुसतं गरम, मग आंबट, आणि मग घशामागून हळूच… आलं! करवंद आलं!

आतून मुक्ता ओरडली, "अगं आत्या, काय हा आवाज!"

"आवाज नाही गो," मी म्हटलं, "अभ्यास चाललाय." आणि बशी पुन्हा भरली.