नावानिशी प्रार्थना

आमचे आधीचे पाळकसाहेब विसरभोळे होते. एकदा बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी बाळाला त्याच्या आजोबांचं नाव दिलं, आणि पाणी शिंपडून झाल्यावर आता काय करणार म्हणून घरच्यांनी तेच ठेवलं. घरभेटीला यायचे ते नेमके जेवणाच्या वेळी, आणि आपण अडचण सांगायला लागलो की डुलक्या घ्यायचे. शेवटी मंडळीने बिशपसाहेबांकडे अर्ज केला, आम्हाला कामाचा माणूस द्या. मी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून, म्हणून मसुदा मीच केला. ‘कार्यपद्धतीत शिस्तीचा अभाव’ हे शब्द माझे. त्यांचा मला अभिमान होता.

नवा माणूस आला तो खरंच कामाचा निघाला. तेव्हा नेरूळला आमचं देऊळ, म्हणजे चर्च, बांधलेलं नव्हतं, रविवारची भक्ती एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. कोणी उशिरा आलं की नवे पाळकसाहेब गप्प उभे राहून तो बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. घरभेटींचं सेक्टरवार वेळापत्रक त्यांनी लावलं होतं. घरी आले की चहा घेत नसत, डायरी उघडून विचारत, “काय अडचण आहे?” आणि असं ऐकत की बायका सासूबद्दलसुद्धा खरं सांगत. सगळं लिहून घ्यायचे. मग रविवारी उपदेश झाला की डोळे मिटून एकेकासाठी नावानिशी प्रार्थना. अमक्याची दारू, तमकीचं गर्भाशय, आणखी कोणाची सस्पेन्शनची नोटीस, सगळं तपशिलासकट. आम्ही माना खाली घालून कान टवकारायचो. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून.

माझ्या धाकट्या बहिणीला फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या आणि पाच वर्षांत एकही आली नव्हती. तिला ऐरोलीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत होता आणि तिला मनापासून आवडला होता. “त्याला मीच सांगणार,” ती म्हणाली, “रविवारी संध्याकाळी. तुमी कोणी मधे तोंड उघडू नका.”

आईने तोंड उघडलं, पण फक्त पाळकसाहेबांपुढे. “पोरीला धीर दे म्हनावं देवाला,” एवढंच तिचं मागणं होतं.

त्या रविवारी मुलाकडची माणसं आमच्या भक्तीला आली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. “हे स्वर्गीय बापा, तिसऱ्या रांगेत बसलेल्या तुझ्या या लेकीला अपस्मारापासून मुक्त कर. आणि ज्या घरी ती सून म्हणून जाऊ पाहते, त्या घराला हा भार सोसायचं बळ दे.” मी डोळे उघडले, तर मुलाच्या आईचे आधीच उघडे होते. बहिणीने मात्र मिटलेल्या डोळ्यांनीच आमेन म्हटलं. पाहुणे चहाला थांबले नाहीत. विचार करून कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही.

मी जाब विचारायला गेलो.

“मी खोटं बोललो का?” पाळकसाहेब म्हणाले.

“ती स्वतः सांगणार होती, साहेब.”

“मग तिचं काम हलकं झालं.”

हे ते कुत्सितपणे म्हणाले असते तर मला सोसलं असतं. त्यांना ते खरंच वाटत होतं.

त्यानंतर बहिणीकडे एकच मैत्रीण येत राहिली, पाळकसाहेबांची मुलगी. तिचा नवरा आखातात नोकरीला आहे, म्हणून ती माहेरी राहते, असं मंडळीत सगळे धरून चालले होते. एक दिवस बहीण माझ्याजवळ येऊन बसली. “आपलंच नाही रे फक्त. तिला नवऱ्याने टाकलंय. तो इथेच आहे, मुलुंडला, दुसरीबरोबर. तिने मला एकटीला सांगितलंय. कुणाला बोलू नको हं.” मी नाही बोलणार म्हणालो, आणि मला कळलं की त्या डायरीत सगळ्या नेरूळला पान होतं, पाळकसाहेबांच्या घराला नव्हतं.

महिन्यातून एकदा मंडळीच्या आम्हा कमिटीवाल्यांपैकी कोणीतरी प्रार्थना चालवायची असे. माझी पाळी आली. ऑफिसात फायलीआड बसून मी वाक्यं जुळवली होती. “बापा, आमच्या पाळकसाहेबांच्या लेकीला सांभाळ. तिचा नवरा आखातात नाही, मुलुंडला परस्त्रीबरोबर राहतो, हे तू जाणतोस. टाकलेल्या बाईचं दुःख तू जाणतोस.” मी आवाज मऊ ठेवला होता, आणि एक डोळा पाळकसाहेबांवर. त्यांची मान लाल होत गेली. तरी पहिलं आमेन त्यांचंच, मोठ्याने. त्यांची मुलगी उठली आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेली. बहीण मागे धावली, पण मुलीने बहिणीचा हात झटकून टाकला.

भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. “प्रार्थना नेमकी होती,” म्हणाले. मी शीळ घालत घरी गेलो. मला पश्चात्ताप झाला असं लिहायला बरं दिसेल, पण त्या दिवशी झाला नाही. मी दोनदा मटण वाढून घेतलं. मुलीला त्यांनी त्याच महिन्यात नगरकडे नातेवाइकांत पाठवून दिलं. बहिणीने पाठवलेल्या पत्रांना तिचं उत्तर आलं नाही.

बहीण माझ्याशी भांडली नाही. पुढे तिचं लग्नही झालं, करंजाड्याला. सणावारी भेटायची, भाजीचे भाव सांगायची, पाऊसपाणी सांगायची. चार वर्षांनी तिच्या शेजारणीकडून मला कळलं की तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन होऊन महिना झाला. मी तणतणत तिच्या घरी गेलो. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, निम्मी झालेली.

“सख्ख्या भावाला सांगायचं नाही होय?” मी ओरडलो.

“तुला सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तू प्रार्थना केली असतीस.”