दाभणाने शिवलेला घोडा

नोकरीच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘कापड व्यापारी’ असं ठोकून दिलं, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमचे आबा खानदेशातून आलेले, सुरतेच्या कापड मार्केटमध्ये पार्सलं बांधायचे. साड्यांचे गठ्ठे गोणपाटात घट्ट गुंडाळायचे आणि दाभणात सुतळी ओवून शिवून टाकायचे, हे त्यांचं काम. पण उधना भागात आमच्या घरापासून जवळच सिस्टरांची शाळा होती, तिथे बालवर्गाला मदतनीस बाई हवी होती, आणि पार्सलवाल्याच्या पोरीला तिथे कोण उभं करणार, असं माझ्या डोक्यानं घेतलं. फॉर्म मी आबांना वाचून दाखवला. ते हसले. "मंग आजपाईन माले शेठ म्हन," एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

मी मात्र सहा महिने धास्तीत काढले. खोटं उघडं पडलं की नोकरी गेलीच. आबांनी शाळेच्या रस्त्याला येऊ नये म्हणून मी नाना सबबी सांगायचे. आता सांगायलाही लाज वाटते, पण तेव्हा वाटायला हवी होती ती वाटली नाही.

डिसेंबरात शाळेच्या वसतिगृहातल्या बारा मुलांसाठी कुणीतरी खेळणी पाठवली. ती नाताळच्या कार्यक्रमासाठी छान बांधून आणायचं काम मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे दिलं. त्या केरळच्या, हिंदीत बोलायच्या. "आपके पिताजी तो कपड़े की लाइन में हैं. पैकिंग आपको आती होगी." मी मान डोलावली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

पुस्तकं किंवा खोकी असती तर कुणीही बांधली असती. इथे होता एक लाकडी झुलता घोडा, फुटबॉल, छत्री, ढोलकं, तीन चाकांची सायकल. रविवारी दुपारी मी चकचकीत कागद पसरून बसले. घोड्याच्या कानांनी एकामागून एक चार कागद फाडले. फुटबॉल बांधून झाला तो कोबीच्या गड्ड्यासारखा दिसायला लागला. सायकलीच्या हँडलपाशी आले आणि मला रडूच फुटलं.

आबा सुट्टीचे घरीच होते. "कसाले रडस? आन ते आठे," म्हणाले. त्यांनी कागद बाजूला सारला आणि फळीवरून फेंटचं बोचकं काढलं. फेंट म्हणजे मिलमध्ये उरलेले छापील कापडाचे तुकडे, ते आमच्या घरात नेहमीच असायचे. घोड्याला त्यांनी लाल फुलांचं कापड असं बेतून चढवलं की कान, शेपूट, सगळं जागच्या जागी. वर दाभणाने पिवळ्या दोऱ्याची शिवण. संध्याकाळपर्यंत बाराही भेटी तयार झाल्या. इतक्या देखण्या दिसत होत्या की मी आबांना म्हटलं, तुमच्या हातात जादू आहे. ते खूश झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी एवढं सामान मला एकटीला नेता येईना. आबांनी हातगाडी आणली. फाटकापाशी सामान उतरवलं आणि स्वतःहून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

मुलांना भेटी वाटल्या. मुलं ओढायला लागली. काही उघडेना. एकीने दातांनी धरून बघितलं. बालवर्गाच्या कात्र्या बोथट, त्या शिवणीत शिरेनात. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आबांनी भेटी बांधल्याच नव्हत्या, पार्सलं बांधली होती! वाटेत चोराला उघडता येऊ नयेत म्हणून दुहेरी शिवण आणि शेवटची गाठ आत लपवलेली. पाहुणे खुर्च्यांवर बसून बघत होते. घोडा मिळालेला मुलगा तर भोकाड पसरायच्या बेतात होता.

"किसने बांधा है?" सिस्टरांनी विचारलं.

"मार्केट का एक आदमी है," मी म्हटलं. "बाहर खड़ा है."

"तो बुलाओ उसे!"

आबा आले. दाराशी चपला काढल्या. माझ्याकडे बघितलं, ते अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "मैडम, कैंची मत लगाओ. कपड़ा खराब होगा," म्हणाले. मग घोड्याच्या पोटाखाली अंगठा फिरवून त्यांनी गाठ शोधली, नखाने सोडवली आणि दोरा ओढला. सर्रकन सगळी शिवण उसवली. मुलं ओरडलीच. बाकीची मुलं आपापली भेट घेऊन आबांपुढे रांगेत उभी राहिली.

"मैडम, ये किसका है?" "मैडम, इसको पकड़ो." माझं खोटं ते माझ्यापेक्षा जास्त सांभाळत होते. चौथ्यांदा ‘मैडम’ ऐकलं आणि माझ्याच्याने ऐकवेना. मी जमिनीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आबा, गाठ कोठे शे, माले दखाडा."

आबांचा हात थांबला. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. "ये मेरे पिताजी हैं," मी म्हटलं. "व्यापारी नहीं हैं, पार्सल बांधते हैं. मैंने फॉर्म में झूठ लिखा था."

सिस्टरांनी आबांकडे बघितलं, मग रांगेकडे. रांगेतली मुलगी छत्री घेऊन चुळबुळत होती. "कल दूसरा फॉर्म भर देना," शेवटी त्या म्हणाल्या. "अभी जल्दी करो, बच्चे खड़े हैं."

नोकरी राहिली होती. छातीवरचा धोंडाच उतरला. इतकं हलकं वाटलं की मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. आबांनी छत्री माझ्या मांडीवर ठेवली, माझा अंगठा धरला आणि कापडाखालच्या गाठीवर टेकवला.

"आठे दाब, बेटी," ते म्हणाले.