एकशे चारचा ताप

पाचोडच्या आसपासच्या वस्त्यांवर कुणाच्या लेकराचं अंग गरम लागलं, की पहिला फोन सुगंधाबाईला जातो. ती तिथली आशाताई. काखेत थर्मामीटर लावायचा, टुंक वाजलं की आकडा बघायचा. अठ्ठ्याण्णवला हसायचं, शंभराच्या पुढं गेलं की गोळी द्यायची आणि एकशे चार दिसलं की कपाळावर ओली पट्टी ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. हे आकडे तिच्या अंगात असे मुरलेत, की झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायची नाही. आणि याच आकड्यांनी तिला तोंडघशी पाडलं.

झालं असं, की थोरला लेक बिभीषण चाकणच्या कारखान्यात लागला आणि त्याची दोनशे सीसीची मोटारसायकल गोठ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. सुगंधाबाई वस्त्या पायी तुडवून वैतागलेली. चाळिशी ओलांडलेली बाई, पण हाडापेरानं दणकट. माजलेला एडका शिंगं धरून जागच्या जागी बसवणारी. तिला गाडी काय भारी पडणार! कोरड्या तळ्यात पडत-झडत शिकली, लायसन काढलं, आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला आणि निघाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत! त्याच बायका पुढं मागच्या सीटवर बसून दवाखान्यात जायला लागल्या, तेव्हा ते हसू कुठं गेलं कोण जाणे.

गाडीच्या पुढ्यात मात्र एक उजळणारा आकडा होता, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा. मोकळ्या रस्त्याला पंच्याऐंशी, चढाला ब्याण्णव, बैलगाडीमागं रखडली की अठ्ठ्याण्णव. इथपर्यंत बाई खूश. मग शंभर, एकशे दोन, एकशे चार, आणि टाकीखालून घूंऽऽ करत पंखा सुरू! एकशे चार म्हणजे काय खेळ आहे? लेकरू असतं तर एव्हाना झटके आले असते.

तिनं मायेनं उपाय काढला. जुन्या टॉवेलचा तुकडा भिजवून पुढच्या चाकामागच्या जाळीला, म्हणजे रेडिएटरला, सुतळीनं बांधून टाकला. कपाळपट्टीच ती. पट्टी वाळायची, धूळ खाऊन कडक व्हायची. ही पुन्हा भिजवायची. आकडा मात्र हट्टानं वरच चढायचा. पुढं पुढं तर लाल दिवाही लागायला लागला.

तिचा नवरा मल्हारी मेंढरं राखणारा, मोजकं बोलणारा. एके दिवशी तो म्हणाला, "दुखणाईत जनावर दावणीला ठिवू नाय. रानात कुठंतरी मरंल अन् तुला बी घिऊन जाईल. इकून टाक." पाचोडच्या बाजारातला जुन्या गाड्यांचा दलाल कडूबा रविवारी येऊन गाडी नेणार, इथवर त्यानं ठरवूनही टाकलं.

सुगंधाबाईचा जीव कासावीस झाला. गाडी गेली म्हणजे पुन्हा पायपीट, पुन्हा कुणाच्या तरी जीपची मनधरणी. ते तिला मरणाहून नकोसं होतं. ती म्हणाली, "शनवारी सिल्लोडला आपल्या भाचीच्या, अक्षदाच्या लेकराचं बारसं हाय. मी गाडीवर जाते अन् ऐतवारी गाडीवरच माघारी येते. टेम्पोत घालून आणाया लागली, तर खुशाल द्या कडूबाला."

मल्हारीनं मान डोलावली. तिच्या हट्टापुढं त्याचं कधी चाललंय?

शनिवारी हायवेला गाडी बऱ्यापैकी पळाली. पण संभाजीनगरच्या गर्दीत शिरली आणि हर्सूलच्या चौकात ट्रकांच्या मध्ये अडकली, तसा आकडा भराभर चढला. एकशे दहा, एकशे पंधरा, लाल दिवा. तिनं गाडी ढकलत वच्छलाबाई नावाच्या बाईच्या चहाच्या टपरीपाशी आणली, पाण्याचा जग मागून घेतला आणि बिभीषणला फोन लावला.

"बिभीषणा, गाडीला लई ताप हाय रं. झाकण खोलून थंड पाणी वतते."

"आये, झाकणाला हात लावू नको! कुकर हाय तो, तोंडावर उडंल. आधी गाडी बंद कर अन् मला फोटू पाठव."

तिनं पाठवला.

"आये, म्होरं जाळीला काय बांधलंय?"

"पट्टी."

"कसली पट्टी?"

"तापाची! एकशे चारवर जातीया, मंग काय करू?"

बिभीषण जो हसायला लागला तो थांबेचना. "हसतो काय, मुडद्या!" सुगंधाबाई रस्त्यावरच कडाडली. तेव्हा कुठं तो भानावर आला.

"आये, तो आकडा सेल्सिअसचा हाय. तुझा थर्मामीटर फॅरनहाइटचा. पळताना ऐंशी-पंच्याण्णव म्हंजी गाडी ठणठणीत. गर्दीत शंभराच्या वर गेली की पंखा लागतो, अन् आकडा खाली येतो. त्यात साधं पाणी नाय, कुलंट हाय. झाकण दाबून बंद, म्हणून शंभरला उकळत नाय. लाल दिवा लागला तरच थांबायचं. अन् तो दिवा तुझ्या पट्टीनं लावलाय. त्या जाळीतून वारं जावं लागतं!"

सुगंधाबाईनं पिशवीतून थर्मामीटर काढला. आकड्याच्या कोपऱ्यात बारीक 'एफ'. गाडीच्या काचेवर आकड्याशेजारी तसाच बारीक 'सी'. रोज डोळ्यांसमोर असून दिसला नव्हता. आधी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग असं हसू फुटलं, की वच्छलाबाईही कारण न कळता हसायला लागली.

इंजिन पुरतं निवल्यावर तिनं कुलंटची बाटली खुणेपर्यंत भरलेली असल्याची खात्री केली, पट्टी ओरबाडून काढली आणि गाडीला बटण मारलं. फुलंब्रीच्या मोकळ्या रस्त्याला आकडा चौऱ्याऐंशीवर जो बसला, तो हलेना. दोन्हीकडं मका आणि कपाशी, मध्ये ही. आनंदानं तिला ओरडावंसं वाटलं, आणि हेल्मेटमध्ये कोण ऐकतंय म्हणून ती खरंच ओरडली. बारशाला ती पाहुण्यांच्या जीपच्या आधी हजर होती.

रविवारी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा अंगणात मल्हारी आणि कडूबा बसलेले. तिनं गाडी उभी केली, चावी चालूच ठेवली. आकडा एकशे तीन, पंखा घूंऽऽ.

"बघा मल्हारीभाऊ," कडूबा लगेच म्हणाला, "तापलीच. पैशे कमी करावं लागतील."

सुगंधाबाईनं सावकाश हेल्मेट काढलं. "ताप नाय, धाप हाय ती," ती मल्हारीला म्हणाली. "उन्हातून आलेलं मेंढरू सावलीला उभं ऱ्हाऊन धापा टाकतं, तवा तुमी त्याला इकता का?"

मल्हारी उठला. गाडीपाशी उकिडवा बसून त्यानं पंख्यापाशी तळहात धरला. ऊन वारा त्याच्या हाताला लागत राहिला. आकडा एकशे एक झाला, शंभर झाला, सत्त्याण्णव झाला आणि पंखा आपला आपण थांबला. जन्म मेंढरांत गेलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

"कडूबा, चहा घे अन् जा," तो म्हणाला. "गाडी घरचीच हाय."

कडूबा गेल्यावर तो बराच वेळ गाडीभोवती घुटमळला. मग दुसरीकडं बघत म्हणाला, "उद्या मेंढरं आडूळच्या शिवारात हायती. मला सोडशील का?"

"सोडीन की," सुगंधाबाई म्हणाली. "पर मागं मुकाट धरून बसायचं."